जाळ्याची सहा वजनं

ती सकाळ मी आजही विसरलेलो नाही. नोकरीत मी चाकूहल्ले पाहिले, दंगली पाहिल्या, पण इतका घाबरलो तो एकदाच. आणि त्यात गुन्हेगार असा कोणी नव्हताच.

एकोणीसशे पन्नासचं दशक सरत आलं होतं. कुलाबा जिल्ह्याच्या किनाऱ्यावर एका ठाण्यात मी फौजदार होतो. ठाण्याचं आणि माणसांचं नाव मुद्दाम देत नाही. ठाण्याला दोन सायकली होत्या, त्यांतली एक कायम पंक्चर. गाडी हवी असली तर अलिबागला तार करायची आणि वाट पाहायची. दारूबंदी आणि सोन्याची चोरटी आयात या दोन गोष्टींनी आमची झोप उडवली होती. वरून सारखी विचारणा व्हायची, सोनं पकडलं का? त्यामुळे मला प्रत्येक मचव्यात सोनं दिसायला लागलं होतं, हेही कबूल करतो.

अशात एक खबऱ्या आला. त्याचे मासळी वाहणारे तीन खटारे होते. तो म्हणाला, "सायब, कोलीवाड्यात एक जन मिल्ट्रीची जीप तयार करतोय. वालूतून पलनारी. कोल्याला जीप कशाला व्हवी? सोना उतरवायलाच ना?" जीप चालू झाली की त्याच्या खटाऱ्यांचा धंदा बसणार होता, हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं. पण मनाजोगती खबर मिळाली की माणूस खबऱ्याचा हेतू तपासत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हवालदाराला घेऊन तिथे गेलो. घरामागे माडाच्या झावळ्यांच्या मांडवात खरोखरच जीप उभी होती. मालक चाळिशीचा, लाँचवर इंजिन सांभाळणारा. युद्धात मुंबईच्या गोदीत काम केलेलं, हात तयार. लष्कराने भंगारात काढलेली ती जीप त्याने भाऊच्या धक्क्यावरून पडावात घालून आणली होती. कुठल्यातरी खाडीच्या चिखलात वर्षानुवर्षं पडून ती इतकी गंजली होती, की तळाला हात घातला तर पापुद्रे निघायचे. तो तळ त्याने होडीच्या फळ्यांनी भरून काढला होता. गंज सुटावा म्हणून सगळ्या सांगाड्याला त्याने मुशी माशाचं तेल चोपडलं होतं, होडीला चोपडतात तसंच. त्या वासाने हवालदाराने नाकाला रुमाल लावला.

"कशासाठी ही गाडी?" मी विचारलं.

"मासली न्यायला, सायब. बायको डोक्यावं पाटी घेऊन डोंगर चढतं. मान गेली तिची."

पटण्यासारखं उत्तर होतं. पण माझी नजर मागच्या चाकाजवळच्या लोखंडी पेटीवर गेली. जीपला अशा दोन पेट्या असतात, हत्यारं ठेवायच्या. एकीचं झाकण गंजून जाम होतं. दुसरीचं जोर लावून उघडलेलं, कडा तासलेल्या.

"या पेटीत काय होतं?"

तो खाली बघून म्हणाला, "काय न्हवता, सायब."

खोटं बोलणारा माणूस मला कळतो, याचा मला गर्व होता. तो खोटं बोलत होता, हे बरोबरच होतं. काय लपवतोय, एवढंच मी चुकीचं ठरवलं. पंचांना बोलावून पंचनामा केला, जीप जागेवरच जप्त केली आणि त्याला ठाण्यात आणलं.

दोन तास मी त्याची चौकशी केली. सोनं कुठे आहे, कोणाचं आहे, कुठे उतरणार आहे. उभं ठेवलं, टेबलावर दंडुका आपटला, एक थप्पडही दिली. जसजसा माझा आवाज चढला तसतशी त्याची बोलती बंद झाली. शेवटी तो नुसता मान हलवत राहिला.

दहाच्या सुमारास त्याची बायको भाकरी घेऊन आली. ठाणे अंमलदाराने तिला व्हरांड्यात बसवलं. भाकरीचं फडकं सोडताना तिच्या कमरेची चावी खणखणली. मी तेवढ्यात बाहेर आलो होतो; सहज पाहिलं आणि परत फिरून पाहिलं.

चावी एका लोखंडी कडीत ओवलेली होती. कडीला बोटभर लांबीची पिन लोंबत होती. प्रशिक्षणात लष्करी सुभेदाराने आम्हाला हातबॉम्ब दाखवला होता. ही पिन बॉम्बाची तरफ धरून ठेवते. ती काढली की तरफ उडते, आणि मग मोजून चार सेकंद.

"ही कडी कुठली?"

"मालकांनी दिली. गारीत गावली," ती म्हणाली.

मी आत गेलो, शिपायांना बाहेर काढलं आणि दार लोटलं. त्याला खुर्चीवर बसवलं. म्हटलं, "हे बघ, सोन्याचं राहू दे. त्या पेटीत लोखंडी गोळे होते का? मुठीएवढे, खाचा असलेले?"

तो पुन्हा खाली बघायला लागला.

"अरे, ते बॉम्ब आहेत! माणसं मरतील. मी तुला काही करणार नाही. कुठे आहेत ते?"

त्याने वर पाहिलं. आधी माझ्या तोंडाकडे, मग माझ्या हाताकडे. माझा हात थरथरत होता. मला वाटतं, त्यामुळेच त्याने विश्वास ठेवला.

"सहा व्हते," तो म्हणाला. "चिकलाचे गोले झाल्ते. मना वाटला गारीची वजना. खाचा व्हत्या, दोरी सरकंना न्हाय, म्हनून जाल्याला बांदली. सरकारी सामान म्हनून सांगाया भ्यालो."

जाळ्याच्या खालच्या दोराला वजनं लागतात, ते बुडायला. कोळी दगड वापरतो, शिसं वापरतो. दगडावरून दोरी घसरते. बॉम्बाच्या अंगावरच्या खाचांत ती पक्की बसते. कोळ्याशिवाय दुसऱ्या कोणाला हे सुचलंच नसतं. दोन महिने ते जाळं समुद्रात टाकलं जात होतं आणि ओढलं जात होतं. ज्या एकाची पिन निघाली होती, त्याची तरफ थोडी गंजाने आणि थोडी त्या दोरीच्या वेढ्यांनी दाबून ठेवली होती.

"जाळं कुठे आहे?"

"सासऱ्याकडं. पलीकडच्या कोलीवाड्यात."

दाराबाहेरून बायको म्हणाली, "आज भांग हाय. बाबा जालीची जुनी दोरी कापून नवी भराया बसनार हायत."

भांगाच्या दिवसांत भरतीओहोटीला ओढ नसते, जाळी किनाऱ्यावर येतात, दुरुस्तीला निघतात. म्हातारा त्या क्षणी कोयती घेऊन एकेक वेढा कापत बसला असेल. अंतर सात मैल. आणि माझ्याकडे दोन सायकली.

"जीप चालते का?" मी विचारलं.

"इंजिन चालतंय. ब्रेक एकाच बाजूचा लागतोय."

त्याच्या मांडवापर्यंत धावत गेलो, आणि त्याच सकाळी मीच जप्त केलेल्या मुद्देमालात बसून आम्ही निघालो. तो चालवत होता, मी बाजूला, हवालदार आणि ती बाई मागे. बॉनेट नव्हतं. पेट्रोलचा डबा माझ्या मांडीवर, त्यातून रबरी नळी इंजिनात. रस्ता डोंगरावरून जायचा, म्हणून त्याने गाडी सरळ किनाऱ्यावर घातली. ओल्या वाळूत चारही चाकं धरत होती. एका ओहोळात इंजिन बंद पडलं. त्याने उतरून काहीतरी पुसलं, हँडल मारलं, पुन्हा मारलं. मी देवाचं नाव घेत होतो. प्रत्येक वळणावर मला स्फोट ऐकू येतोय असं वाटायचं. दोन तास मी सोन्यात घालवले होते, हे डोक्यातून जात नव्हतं.

कोळीवाडा दिसला तसं त्याने इंजिन बंद केलं. तीस-चाळीस पावलांवर म्हातारा जाळं पसरून बसला होता. शेजारच्या टोपलीत सोडवलेले गोळे. एक हातात.

मी उतरलो. जावयाने माझा दंड धरला. फौजदाराचा दंड धरायची त्या काळी कोणाची हिंमत नव्हती. "तुमी न्हका येऊ, सायब. खाकी बगून म्हातारा हातातला टाकंल आनि पलंल. गेल्या साली दारूच्या झडतीत लय मारलाय त्याला."

बाई धावायला निघाली, हवालदाराने तिला आवरलं. मी जीपमागे वाकून बसलो. लाज वाटली, पण बसलो.

तो संथ पावलांनी गेला. "मामा," त्याने हाक मारली, "दोरी सोरू नका. हाय तशी धरा."

"अरं, सोराया तं बसलोय! दोनच वेढं ऱ्हायलं."

"धरा म्हनतो ना. गच धरा."

तो म्हाताऱ्यासमोर मांडी घालून बसला आणि त्याच्या मुठीवर आपली मूठ दाबली. "आता परत बांदा. नवी दोरी घ्या."

म्हातारा कुरकुरत वेढे घालू लागला. मी मोजत होतो. बारा. तेरा. गाठ. मग दुसरी गाठ. जावई म्हणाला, "मामा, घरा जा. चाय टाका. मी आलो." म्हातारा बडबडत गेला. तेव्हा कुठे मी जीपमागून उठलो.

बाकीच्या पाचांच्या पिना गंजलेल्या का होईना, जागेवर होत्या. सहाही गोळे आम्ही ओल्या वाळूत खड्डा करून ठेवले, वाडी रिकामी केली आणि पहारा बसवला. तिसऱ्या दिवशी पुण्याहून लष्कराचं पथक आलं आणि त्यांनी ते उडवले. सहापैकी पाच फुटले. सहाव्याला पुन्हा सुरुंग लावावा लागला.

जीप मी परत केली. खटारेवाल्याला खबऱ्यांच्या यादीतून काढलं. त्या दिवसानंतर मी चौकशीत कोणावर हात उगारला नाही. मी फार सज्जन झालो म्हणून नव्हे. माझ्या धाकाने माणूस खरं बोलतो, असं मी वीस वर्षं समजत होतो. त्या दिवशी कळलं, माझ्या धाकानेच एका भल्या माणसाचं तोंड शिवलं होतं, आणि त्यापायी एक म्हातारा मेला असता.

एक गोष्ट सांगायची राहिली. त्याच दिवशी, खड्डा बुजवून झाल्यावर, जावई माझ्याजवळ आला. बॉम्ब मुठीत धरून बसला होता तेव्हा त्याचा हात मी नीट पाहिला होता, जरासुद्धा हलत नव्हता. आता मात्र त्याने माझ्यासमोर दोन्ही हात जोडले आणि ते लटलटत होते.

"सायब," त्याने विचारलं, "मना किती शिक्षा व्हईल?"