चपला बघून कॅसेट

हल्ली माझा भाचा मोबाइलवरच्या याद्या मला वाचून दाखवतो. ज्यांना मारामारी आवडते त्यांनी अमुक अॅनिमे बघावं, ज्यांना रडायला आवडतं त्यांनी तमुक. यादी करणाऱ्याने बघणाऱ्यांपैकी एकाचंही तोंड पाहिलेलं नसतं. तोंड मीही पाहिलेलं नव्हतं म्हणा, पण निदान चपला तरी पाहिल्या होत्या.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. जळगावला पिंप्राळ्यात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत सासऱ्यांचं किराणा दुकान होतं. ते वारल्यावर आमच्या ह्यांनी गूळ-शेंगदाण्याचे डबे हलवले आणि तिथे व्हिडिओ लायब्ररी थाटली. ह्यांना सिनेमातलं कळायचं शून्य. गिऱ्हाईक कुणीही असो, "एक नंबर पिक्चर आहे, घेऊन जा," एवढंच ह्यांचं भांडवल. असेच एकदा सुरतेला गेले आणि तिथल्या बंद पडलेल्या दुकानातला कॅसेटांचा एक खोका उचलून घेऊन आले. आत काय आहे ते बघायची पद्धत आमच्याकडे नव्हतीच. घरी आणून उघडला तर सगळी जपानी कार्टून. बोलणं जपानी, खाली इंग्रजी अक्षरं. आमच्या गल्लीला दोन्ही सारखंच.

कार्टून म्हणजे पोरांचं, हे ह्यांचं ज्ञान. पहिलीच कॅसेट समोरच्या घरी वाढदिवसाला दिली. केक कापायच्या आत कार्टूनमधल्या मुलाची आई मेली, आणि केक वाटेपर्यंत त्याचं अख्खं गाव जळून गेलं. जमलेल्या सगळ्या पोरांनी भोकाड पसरलं. समोरच्या बाईंनी कॅसेट आमच्या ओट्यावर आणून आदळली आणि पुढे कितीतरी दिवस आमच्या दाराकडे बघितलं नाही. हे मला म्हणाले, "जपानी लोकच विचित्र."

मग दुपारी धान्य निवडता निवडता मीच तो खोका बघून काढला. मी धुळ्याची, मॅट्रिक झालेली. खालची अक्षरं अडखळत वाचायचे आणि उरलेलं चेहऱ्यांवरून लावायचे. कशात मुष्टियोद्धा होता, कशात अनाथ मुलगी, कशात व्हॉलीबॉल खेळणाऱ्या पोरी. हिंदी सिनेमात तीन तासांत जेवढं घडत नाही तेवढं त्यात एका भागात घडायचं.

पुढची खोली आणि घर यांच्यामध्ये एक पडदा होता. त्याच्या पलीकडे जायची मला बंदी. घरच्या सुनेने दुकानात दिसू नये, हे अक्कांचं मत. अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. पडदा जमिनीपासून वीतभर वर होता, तेवढ्यातून मला गिऱ्हाइकाचे पाय दिसायचे आणि आवाज ऐकू यायचा. हळूहळू पद्धतच पडून गेली. गिऱ्हाईक मागणी सांगायचं आणि हे 'एक नंबर' म्हणायच्या आत मी आतल्या खोक्यातली कॅसेट पडद्याखालून सरकवायचे. हे ती उचलायचे आणि वर म्हणायचे, "खास तुमच्यासाठी काढून ठेवली होती."

सावद्याचे एक शेतकरी यायचे. पायजम्याच्या कडेला केळीच्या चिकाचे काळे डाग, चपलेचा अंगठा तुटलेला. "मारामारीवालं द्या भाऊ," असं ते दरवेळी म्हणायचे. मारामारी मागणारी माणसं पहिल्या रक्ताला मान फिरवतात, हे मला माहीत होतं. त्यांना मी मुष्टियोद्ध्याची मालिका दिली. तो दर भागात पडतो आणि परत उभा राहतो. वादळात बाग आडवी झाल्यावर हे गृहस्थ तरी दुसरं काय करत होते? सगळे भाग त्यांनी ओळीने नेले.

कॉलेजचे एक प्राध्यापक होते. करकर वाजणारे पॉलिश केलेले बूट. त्यांना 'काहीतरी विचारप्रवर्तक' हवं असायचं. त्यांच्यासाठी यंत्रमानवाची मालिका होती, त्यात अर्धा वेळ कुणी बोलतच नाही. परत करताना म्हणाले, "फार सखोल आहे." कॅसेट मी हातात घेतली तर फीत जेमतेम सुरुवातीलाच थांबलेली. माणूस खोटं बोलतो, कॅसेट बोलत नाही. पुढच्या वेळी मी त्यांना मांजर आणि उंदरांचं कार्टून सरकवलं. ते मात्र शेवटपर्यंत बघून आलं.

बायका रडायचं मागायच्या. जिच्या घरी रोजची रड, तीच आणखी रडायचं मागते, हा माझा अनुभव. अशांना मी मुद्दाम हसायचं द्यायचे. एकीनेही तक्रार केली नाही, आणि आभारही मानले नाहीत. आभार सगळे ह्यांच्या वाट्याला. "तुमच्या नवऱ्याला माणूस बरोब्बर कळतो हो," असं मला बायका हळदीकुंकवाला सांगायच्या. मी वाण घेऊन मुकाट्याने घरी यायचे.

अक्कांना मात्र मी देवादिकांच्या कॅसेटा लावून द्यायचे. हातात माळ घेऊन त्या टीव्हीसमोर बसायच्या. म्हाताऱ्या बाईला आणखी काय लागतं, असा माझा हिशेब.

मग ह्यांच्या मामांनी पाचोऱ्याला बियाण्यांचं दुकान काढलं आणि ह्यांना बोलावून घेतलं. रोज रेल्वेने जायचं-यायचं ठरलं. लायब्ररीचं काय, असा प्रश्न आला. हे म्हणाले, "बंद करू. बसणार कोण?"

"मी बसते," मी म्हणाले. लग्नानंतर त्या घरात मी स्वतःसाठी मागितलेली ही पहिली गोष्ट होती. मागताना आवाज कापला, त्याचा मला अजून राग येतो.

ह्यांनी अक्कांकडे बघितलं. अक्का माळ न थांबवता म्हणाल्या, "सून दुकानमा बठत नही."

विषय संपला. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की कॅसेटा विकून टाकायच्या ठरल्या. आखाजीला आमच्याकडे लेकी माहेरी जातात, तशी मी धुळ्याला गेले. सगळ्या पोरी झोक्यावर गाणी म्हणत होत्या आणि मी जपानी पोरींचा विचार करत होते. आईने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही. कॅसेटांसाठी रडू येतंय हे आईला तरी कसं सांगणार?

आठ दिवसांनी दुपारच्या एसटीने परत आले. मागच्या दाराने घरात शिरले तर पुढच्या खोलीतून बोलणं ऐकू येत होतं. हे पाचोऱ्याला गेलेले. मी पडदा बाजूला केला. खुर्चीत अक्का बसल्या होत्या. पदर खोचलेला, समोर एक कॉलेजची पोरगी.

"तुले बाहेर जाऊ देत नही ना घरना? मंग हाई चेंडूवालं ले," अक्का तिला सांगत होत्या. "पहिला भाग सोडी दे. दुसरापाईन देख."

मी असते तर तिला तीच व्हॉलीबॉलची मालिका दिली असती, आणि पहिला भाग सोडायलाच सांगितलं असतं. पोरगी गेली तेव्हा मी विचारलं, "तुम्हाला कसं माहीत त्यात काय आहे?"

"तू दुपारले लावस, मी दारमाईन देखस. बठ्ठं देखेल शे मी."

"सगळं? मग त्या देवाच्या कॅसेटा?"

"तू लाई देस, म्हनीसन बठी राहस."

सगळ्या पिंप्राळ्याची आवड ओळखणारी मी, घरातल्या बाईपुढे चार वर्षं नको त्या कॅसेटा लावत होते. हे ऐकून कुणालाही लाज वाटली असती. मला आधी राग आला. मी म्हणाले, "सून दुकानात बसत नाही म्हणालात. आणि आता?"

"मंग? मी काय आते कोनी सून शे का?" अक्का शांतपणे म्हणाल्या. "मनी सासू मरीसन पंधरा वरीस व्हई गयात. तिनी बी माले आठे बठू दिधं नही. मंग तुना सासरा बठेत, मंग पोऱ्या बठना. आते खुर्ची रिकामी व्हयनी." मग माझ्याकडे बघून समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "तुनी बी पाळी येई."

माझी पाळी अक्कांनंतर, आणि अक्का तेव्हा साठीच्याही नव्हत्या. दात शाबूत होते, चष्मा लागलेला नव्हता, कळण्याच्या दोन भाकरी सहज खायच्या. मी हातातली पिशवी पडद्याच्या आत ठेवली. राग काही गेला नव्हता. पण खरं सांगते, ती खुर्ची मला मिळाली असती आणि कुणी ती मागायला आलं असतं, तर मीही उठले नसते.