मी दिलेला गोल

तुम्हाला सांगते म्हणजे पहिल्यांदाच सांगते. घरी नवऱ्यालाही हे माहीत नाही, आणि त्याला माहीत नसलेलं माझं दुसरं काही असेल असं वाटत नाही. नऊ वर्षं झाली. नऊ वर्षं ही गोष्ट पोटात घेऊन मी फिरते आहे. आणि खरं सांगू? तिच्या ओझ्यानं वाकले, खंगले, असं काही झालं नाही. मजेत फिरले. हसत, चहा पीत, टाळ्या घेत. तेच तर सांगायचं आहे.

मी कुरुंद्याची. शाळेत मराठी शिकवते, पण गाव मला ओळखतं ते माइकमुळे. आमच्याकडे हॉकीचं वेड आहे. कुठून आलं, कुणाला नक्की सांगता येत नाही. कुणी म्हणतं निजामाच्या फौजेतल्या माणसांनी आणलं, कुणी म्हणतं कुणाचा तरी आजा औरंगाबादहून स्टिक घेऊन आला होता. ते असो. हळद उकडून, वाळवून झाली की वाळवणाची मोठी जागा मोकळी होते, तिच्यावर चुन्याची फक्की मारतात आणि आमची टुर्नामेंट सुरू होते. जमिनीत हळद इतकी मुरलेली असते की तिसऱ्या मॅचपर्यंत पांढरा चेंडू पिवळा होतो. पोरं घरी जातात ती गुडघ्यापर्यंत नवरदेव होऊन.

आणि रविवारी सकाळी सोपानच्या हॉटेलात वाद. तो वाद तुम्ही एकदा ऐकाच. टीव्हीवर देशाची मॅच असली तरी सोपान आवाज बंद करतो, कारण टीव्हीवरचे कॉमेंट्रीवाले आमच्या लोकांना पसंत नाहीत. ‘चेंडू कुठंय ते सांगायचं सोडून हे काहून खेळाडूच्या मावशीचं गाव सांगून राहिले?’ असं म्हणून सगळे माझ्याकडे वळतात. मग मी बाकावर बसून, हातात चहाचा ग्लास धरून, मुक्या टीव्हीला आवाज देते. रस्त्यानं जाणारी माणसं सायकली टेकवून आत येतात. मला फार आवडतं ते. लपवत नाही — फार आवडतं.

पण मॅच संपली की बोलणं दर वेळी एकाच ठिकाणी जातं. नऊ वर्षांपूर्वीची फायनल. शेवटचा गोल. साखरेची बरणी एक खांब, बिस्किटांची बरणी दुसरा, मध्ये काडेपेटी म्हणजे गोलकीपर आणि चेंडू म्हणून एक फुटाणा. एकदा वाद इतका रंगला की कुणीतरी बोलता बोलता चेंडूच खाऊन टाकला. एक गट म्हणतो, गोलकीपर उजवीकडे फार लवकर पडला. दुसरा म्हणतो, गोलकीपर बरोबर होता, अंपायर आंधळा होता. तो गोलकीपर आणि तो अंपायर, दोघंही तिथंच बसलेले असतात. दोघंही हसत असतात. तिसरा गट मात्र आजवर कुणी काढला नाही. कॉमेंट्री करणाऱ्या बाईचं काय, हे कुणी विचारलं नाही.

गोलकीपर म्हणजे गफारभाई. गाद्या-रजयांचं दुकान आहे त्यांचं. स्वतःचे पॅड स्वतः शिवायचे, आत आपल्याच दुकानाचा पिंजलेला कापूस दाबून भरायचे. मोठा देह, पण गोलमध्ये उभे राहिले की मांजर. चाळिशीला आले होते. त्या वर्षी त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं होतं — ही फायनल शेवटची. गुडघे दुखतात. कप जिंकायचा, एक दिवस दुकानाच्या फळीवर ठेवायचा, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचा, बस.

अंपायर बाबाराव काका. एसटीत ड्रायव्हर होते, तेव्हा नुकतेच रिटायर झालेले. नियमाला पक्के. आणि माझ्या हातात पहिल्यांदा माइक दिला तो त्यांनीच, त्याच वर्षी. कमिटीत कुरकुर झाली होती. बाईला हॉकीतलं काय कळतं, कालच्या गोलची बातमी ती आज सांगेल, असं कुणी म्हणालं होतं. काका म्हणाले, ‘तिचा आवाज ऐका आधी. मंग बोला.’

त्या वर्षी सेमीफायनलला मी खरंच चुकले. समोर गोल झाला आणि मी अजून मैदानाच्या मधल्या भागाचं वर्णन करत होते. लोक हसले. माझ्याच वर्गातली पोरं हसली. घरी जाऊन मी स्वयंपाकघरात ताटं आपटली आणि ठरवलं, फायनलला गोल झाला की माझा शब्द सगळ्यात आधी. शिट्टीच्या आधी. लोकांच्या ओरडण्याच्या आधी.

हे कारण म्हणून सांगत नाही. कसं झालं ते कळावं म्हणून सांगते.

फायनल आमची आणि हिंगोलीच्या संघाची. काय मॅच झाली! एक-एक बरोबरी. माणसं ट्रॅक्टरवर, भिंतीवर, पत्र्यांवर. मला बसायला एक ट्रॉली दिली होती, आणि ती उभी होती बरोबर आमच्या गोलच्या रेषेसमोर. लक्षात घ्या — रेषेसमोर. त्या मैदानात रेषा माझ्याइतकी स्वच्छ कुणालाही दिसत नव्हती.

शेवटची दोन-तीन मिनिटं. हिंगोलीला पेनल्टी कॉर्नर मिळाला. चेंडू आत आला, अडला, आणि त्यांच्या उंच पोरानं तो असा काही हाणला की त्याच्यामागे हळदीची धूळ उठली. चेंडू त्याच्या स्टिकपासून सुटला त्याच क्षणी — रेषेपासून अजून लांब असताना — मी ओरडले. ‘आणि हा गोऽऽल!’

दोन्ही भोंग्यांतून माझा आवाज गावभर गेला. आणि मग, शब्द आधीच गेलेला असताना, मी डोळ्यांनी पाहिलं. गफारभाई पडले. पॅडला लागून चेंडू थांबला. रेषेच्या अलीकडे, चार बोटं. चुना मला दिसत होता, चेंडू दिसत होता, मधली मोकळी जागा दिसत होती. पुढच्या क्षणाला भाईंनी पायानं तो बाहेर लोटला आणि धूळ सगळ्यांवर बसली.

हिंगोलीवाले नाचत मैदानात घुसले होते. माझ्या शब्दावर. बाबाराव काकांच्या पुढे पाच-सहा खेळाडूंची भिंत होती, दुसरा अंपायर लांब पलीकडच्या टोकाला. शिट्टी ओठात होती, पण काका वाजवत नव्हते. त्यांनी मान वळवली आणि ट्रॉलीकडे बघितलं. माझ्याकडे. भुवया वर केल्या. विचारलं मला त्यांनी — दुसरं काय होतं ते?

माइक माझ्या हातात होता. ‘चुकले, चेंडू अडला आहे’ — एवढंच म्हणायचं होतं. किती शब्द झाले? चार. मराठीच्या बाईला चार शब्द जड होते का?

मी मान हलवली. हो म्हणून.

शिट्टी वाजली.

आमचंच गाव हरलं, माझ्या मानेमुळे. पुढे काय झालं ते ऐका, म्हणजे या गोष्टीची गंमतही कळेल आणि तिचा कडूपणाही. गाव माझ्यावर खूश झालं! मॅडम बघा कशा, आपल्यावर गोल झाला तरी तेवढ्याच जोशात ओरडल्या, पक्षपात म्हणून नाही. हिंगोलीवाल्यांनी पुढच्या वर्षी मला बोलावलं. मग जवळा बाजारनं बोलावलं. वसमतला तर माझ्यासाठी खुर्चीवर गादी घातली होती. निःपक्षपाती आवाज! मी तो शब्द फळ्यावर शिकवते, ‘निः’चा विसर्ग विसरू नका म्हणून पोरांना दटावते.

त्या दिवशी संध्याकाळी गफारभाई ट्रॉलीपाशी आले होते. पॅड काढून खांद्यावर टाकलेले, तोंड पिवळं. रागावलेले नव्हते. गोंधळलेले होते. म्हणाले, ‘मॅडम, तुमी तर बराबर समोर व्हत्या. बॉल आत न्हवता ना?’

मी म्हणाले, ‘धुळीत मला नीट दिसलं नाही, भाई.’

मान हलवली ती एका क्षणात, हे मान्य. पण हे वाक्य? हे मी शांतपणे, विचार करून, व्याकरणशुद्ध बोलले. भाईंनी मान डोलावली. ‘मंग माझीच काही तरी गलती,’ म्हणाले आणि गेले. त्यानंतर ते गोलमध्ये कधी उभे राहिले नाहीत. बाबाराव काकांनी त्याच आठवड्यात शिट्टी कमिटीकडे परत केली. ‘डोळे गेले आता,’ असं म्हणाले. त्यांचे डोळे आजही माझ्यापेक्षा चांगले आहेत. हॉटेलच्या बाकावरून ते लांबच्या एसटीची पाटी वाचतात.

ते दोघं कडू झाले असते तर मी कधीच बोलले असते, असं मला वाटायचं. आता तेही खरं वाटत नाही. ते कडू झाले नाहीत, आणि मला ते फार सोयीचं पडलं. भाई दर रविवारी काडेपेटी आडवी करून आपण कसे पडलो ते दाखवतात, मग समाधान झालं नाही तर स्वतःच बाकावर आडवे होतात. काकांना सगळे ‘आंधळे बाबाराव’ म्हणतात आणि ते मोठ्यानं ‘ओ’ देतात. मीही हसते. एकदा तर — हे लिहिताना कान तापतात — मीच गमतीनं म्हणाले होते, काका, तुमच्या चष्म्याचा नंबर तपासा. सगळं हॉटेल हसलं. काकाही हसले.

हा वाद नसता तर आमचे रविवार कसे गेले असते, असं मी स्वतःला सांगत आले. गावाचा आनंद कशाला मोडा? किती छान सबब होती! गावाच्या नावावर टाकलेली.

यंदाच्या टुर्नामेंटला, फायनलच्या आधी, कमिटीनं माझा सत्कार ठेवला. शाल, नारळ. आणि शाल कुणाच्या हस्ते? गफारभाईंच्या. त्यांनी नवी टोपी घातली होती. माइकवर म्हणाले, ‘या मॅडमनं माझ्यावर गोल म्हटलं तवा मला एक दिवस राग आला व्हता. पर असा गोल म्हटला, असा गोल म्हटला, की मला बी वाटलं, झालाच असंल!’ लोक हसून लोळायचे बाकी राहिले. शाल माझ्या खांद्यावर पडली आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खाली उतरले तर बाबाराव काका पायरीशी उभे. टाळ्या वाजवून तळवे लाल झालेले. मी त्यांना बाजूला घेतलं. तोंडातून एवढंच निघालं, ‘काका, त्या दिवशी तुम्ही माझ्याकडे बघितलं होतं.’

‘व्हय.’

‘कुणाला सांगितलं का नाही?’

काका मैदानाकडे बघत राहिले. पोरं वॉर्मअप करत होती. ‘काय सांगायचं, पोरी? मुंडी हलली तर आवाज न्हाई येत. आवाज शिट्टीचा आला. शिट्टी माझ्या तोंडात व्हती.’ मग हसले. ‘अन् पहिल्याच वर्षी तुझं नाव सांगितलं असतं तर पुन्ना एखाद्या बाईला माइक दिला असता का ह्यांनी? जा आता. मॅच सुरू होऊन राहिली.’

मी मान हलवली हे काकांना माहीत होतं. पण मला काय दिसलं होतं, ते त्यांनाही माहीत नाही. त्यांना वाटतं, धुळीत मीही फसले. त्यांनी नऊ वर्षं झाकली ती माझी चूक. माझं खोटं त्यांना कळलेलंच नाही, आणि तिथं उभी असतानाही मी ते त्यांना कळू दिलं नाही. मॅच सुरू होते आहे, असं म्हणून मी ट्रॉलीवर चढले.

आम्ही ती फायनल जिंकलो. भाई कप डोक्यावर घेऊन नाचले, काकांना खांद्यावर घ्यायचा प्रयत्न झाला आणि तिघं जण पडले. मी त्याचंही वर्णन माइकवरून केलं. इतकी हसले की आवाज बसला. तो आनंद खोटा नव्हता. म्हणूनच दुसऱ्या दिवशी शाळेतून आले आणि हे लिहायला बसले.

तर ऐका. गफारभाईंनी चेंडू अडवला होता. त्यांची काही गलती नव्हती. इतका सुंदर अडवलेला चेंडू मी पुन्हा पाहिला नाही. बाबाराव काकांचा डोळा चुकला नाही. त्यांनी एका माणसावर विश्वास ठेवला. मला नीट दिसलं होतं. दिसत असताना मी मान हलवली, आणि विचारल्यावर खोटं बोलले.

येत्या रविवारी हे कागद मी गफारभाईंच्या हातात देणार आहे. ते सगळंच मोठ्यानं वाचतात, वर्तमानपत्रातली गाद्यांची जाहिरातसुद्धा. हॉटेल भरलेलं असेल, काका नेहमीच्या जागी असतील. वाचून होईपर्यंत मी त्यांच्या समोरच्या बाकावर बसेन.