गाडीला घातलेलं देवाचं पाणी

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, हे घरातलं कुणीही सांगेल. बाबांची गाडी दुरुस्तीला घेतल्यापासून तो तिथून खाली उतरलेलाच नाही.

गाडी अमेरिकन. दोन दारांची, लांबलचक बॉनेटची, आठ सिलिंडरची. बाबा कतारमध्ये नोकरीला लागले आणि काही वर्षांतच त्यांनी ती मायदेशी परतणाऱ्या एका गोऱ्या साहेबाकडून जुनीच विकत घेतली. पुढे तिचे लाड माझ्यापेक्षा जास्त झाले. गेल्या वर्षी बाबा गेले. जाण्याआधी सांगून ठेवलं होतं, गाडी मुलीला द्या. जावयाला नाही, मुलीला. या एका शब्दाचा मला इतका अभिमान वाटला की मी ठरवून टाकलं, ही गाडी मी माझ्या हातांनी चालू करणार आणि मीच रस्त्यावर काढणार.

ठरवायला काय जातं! मला टायर बदलण्यापलीकडे काही येत नव्हतं. दोह्याबाहेरच्या उम्म सलाल मोहम्मद या गावातल्या एका गॅरेजात मी कोपरा भाड्याने घेतला. गॅरेजवाला रत्नागिरीकडचा. मी ग्रीसने माखून गाडीखालून बाहेर आले की हा विचारणार, "ताई, साहेब कधी येनार?" साहेब ऑफिसात आहेत आणि त्यांना पाना कुठून धरतात तेही माहीत नाही, असं मी दर वेळी सांगायचे. तो हसायचा. मला त्याच्या हसण्याचाही राग यायचा.

त्यात नवशिक्याची पहिली चूक मी इमानेइतबारे केली. आधी सजावट. कुजका गालिचा उपटून फेकला, नवा काळा करकरीत घातला, आणि धुळीचं वादळ येऊन गेल्यावर हौसेने गाडी पाइपने धुतली. दार उघडलं तर ड्रायव्हरच्या पायाशी तळं साचलेलं. मी तडक गॅरेजवाल्यावर धावून गेले. पुढच्या काचेचं रबर त्यानेच बसवलं होतं.

"अवो, रबर नवा हाय," तो म्हणाला. "माझ्यावर कशाला डाफरताव?"

आम्ही असे भांडलो की शेजारच्या गाळ्यातले लोक काम सोडून बघायला आले.

पुढच्या शुक्रवारी मी डोकं थोडं थंड ठेवून काचेवर थेंबही पडू न देता तिच्या खालच्या पत्र्यात पाणी ओतलं. तिथे आत हवा जायला लांबट फटी असतात. त्यांतून पडलेलं पाणी दोन्ही बाजूंनी खाली निघून जावं अशी सोय केलेली असते. पण माझं पाणी सरळ नव्या गालिच्यावर आलं. रबराची काही चूक नव्हती. गॅरेजवाल्याला मी तसं सांगितलं. तोंड वाकडं करून सांगितलं, पण सांगितलं.

वेल्डरकडून वरचा पत्रा कापून घेतला. आतल्या पत्र्याला बोट लावलं तर ते आरपार गेलं. "खलास," गॅरेजवाला एवढंच म्हणाला. पाणी निघून जायच्या वाटेत काळा लगदा घट्ट बसला होता. मी तो पान्याने उकरला. त्यात झेंडूचे देठ होते, तांदळाचे दाणे होते, कापसाची एक वात होती. कडेने पांढरी खरखरीत पुटं चढली होती. ज्या देशात वर्षातून जेमतेम चार वेळा पाऊस पडतो आणि पडला की शाळेला सुट्टी देतात, तिथे माझी गाडी पाण्याने कुजली होती.

हे काय आहे ते मला लगेच कळलं. दोह्यातल्या अल हिलाल भागात आमचं जुनं घर होतं, तिथे आमची तुळस दर उन्हाळ्यात जळून जायची. मग देवांना आंघोळ घातलेलं पाणी ओतायचं कुठे? ते मोरीत टाकायचं नाही, पायदळी येऊ द्यायचं नाही. बाबांनी तोडगा काढला, पोर्चमधल्या गाडीवर घाल, तीही लक्ष्मीच आहे. रोज सकाळी आई पूजा आटोपली की तांब्या घेऊन बाहेर जायची आणि काचेच्या पायथ्याशी हळूच पाणी सोडायची. त्यात दोनचार फुलं, अक्षता असायच्याच. लहानपणी मला ते दृश्य फार आवडायचं.

आता मात्र बाबांचा असा संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. इंजिनिअर माणूस! ओतलेलं पाणी जातं कुठे, हे एकदा वाकून बघायला नको?

आई आता माझ्याकडेच असते, अल मुंतझाच्या फ्लॅटवर. मी घरी पोचले तेव्हा ती मटार सोलत होती. पिशवीतला लगदा तिच्या पुढ्यात ठेवून मी बाबांच्या नावाने शंख केला. तू बिचारी भक्तिभावाने घालत राहिलीस, आणि त्यांनी साधं लक्ष दिलं नाही!

"भक्तिभाव कसला," आई म्हणाली. "मला माहीत होतं पाणी कुठं जातंय ते."

मी तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले.

"एकदा हे ओले मोजे घेऊन घरात आले. दोह्याच्या दमट हवेला शिव्या घातल्या आणि मोजे माझ्या अंगावर टाकले. मी गाडीत वाकून बघितलं. दुसऱ्या दिवसापासून तांब्यात मूठभर मीठ घालायला लागले."

"देवाच्या पाण्यात मीठ?"

"देवांची आंघोळ झालेली असायची. त्यांना काय त्याचं?"

मी ओरडले. बाबांची एवढी एकच वस्तू माझ्यासाठी राहिली होती, ती तू जाणूनबुजून नासवलीस, असं बरंच काही ओरडले. आईचे हात थांबले नाहीत.

"नाशिकला मी शाळेत शिकवत होते. स्कूटरवर जात होते," ती म्हणाली. "इथं आले आणि कोथिंबिरीच्या जुडीसाठीसुद्धा ह्यांची वाट बघायला लागले. लायसन काढते म्हटलं, तर म्हणाले, ही गाडी बाईमाणसाच्या हातात द्यायची नाही. दर वर्षी विचारलं, दर वर्षी तेच उत्तर. आणि जाताना गाडी दिली कुणाला, तर मुलीला. तू काय बाईमाणूस नाहीस?"

ज्या एका शब्दावर मी वर्षभर मिरवत होते, तो तिला असा लागला होता.

"नवा पत्रा मिळतो का?" तिने विचारलं.

"मिळतो. अमेरिकेहून मागवावा लागतो."

"मागवू नकोस. माझ्या डोळ्यांसमोर ती परत चालू करू नकोस."

आजवर आईने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. पण राग माझ्या नाकाच्या शेंड्यावरच होता; मी तिच्यासमोरच फोन काढला आणि पत्रा मागवला. ती मटारांचं पातेलं घेऊन उठली, स्वयंपाकघरात गेली, आणि भांडी आपटायला लागली. आमच्या घरात आईने भांडी आपटलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली.