आत्याबाईंच्या वाट्याचे पंख

मेलेल्या माणसांना भूक लागते, हे आमच्या ह्यांच्या आत्याबाईंना जितकं पक्कं ठाऊक होतं तितकं शहापूर आणि मुरबाड ह्या दोन तालुक्यांत दुसऱ्या कुणालाही ठाऊक नसेल. ती कधी लागते, कशाची लागते आणि मेलेलं माणूस जेवून गेलं हे कशावरून ओळखायचं, हे सगळं त्या सांगत. आणि सांगत कशा, तर तांदूळ निवडता निवडता, उद्या बाजार आहे असं सांगावं तशा. "जिता माणूस चव खातो," त्या म्हणत, "मेलेला वास खातो. वासाबरोबर अन्नातलं सत्त्व घेऊन जातो. मागं राहतो तो चोथा." हे ऐकताना मला हसू यायचं, आणि हसता हसता एकदा मागे वळून बघावंसंही वाटायचं.

ह्या एका समजुतीवर त्यांनी सगळा संसार बसवला होता. अमावास्येला त्या सुकट भाजू देत नसत. "अख्खं स्मशान येईल जेवायला. एवढ्याशा सुकटीत कुणाकुणाला पुरवू?" एसटी स्मशानावरून जायला लागली की त्या मांडीवरच्या डब्यावर पदर टाकत आणि शेजारच्या अनोळखी बाईलाही सांगत, "झाक गो तुझा डबा, उगाच हलका होईल." ती बाई घाबरून खरंच झाकायची. चहासुद्धा त्या वाफ जायच्या आत प्यायच्या. जीभ पोळली तरी चालेल, पण चहातलं सत्त्व दुसऱ्या कुणाला मिळता कामा नये.

सूट होती ती एकट्या मामांना. मामा म्हणजे आत्याबाईंचे यजमान. जिवंतपणी परातीत भात घेऊन बसणारा माणूस. पितृपक्षात आमच्याकडे सगळेच गेलेल्यांचं पान वाढतात, पण आत्याबाईंचा पितृपक्ष बाराही महिने चालायचा. मुरबाडकडच्या म्हसा गावाच्या पलीकडे, शेताच्या कडेला त्यांचं घर. मामा गेल्यापासून त्या एकट्याच राहत. दोन्ही वेळा त्या आधी मामांचं पान वाढायच्या. पाट मांडायच्या, तांब्या ठेवायच्या, दार सताड उघडायच्या आणि बाजूला बसून पदराने वारा घालायच्या. वाफ विरली की "जेवले" म्हणत तेच पान स्वतःपुढे ओढायच्या. आयुष्यभर नवऱ्याच्या मागून जेवल्या, आता तो नसतानाही मागूनच. पहिल्या घासाला मीठ बघायच्या. अळणी लागलं की तोंड उजळायचं. "पोटभर जेवले. मीठसुद्धा ठेवलं नाय." खारट लागलं तर दिवसभर काळजी. "आज काय बिनसलं गो त्यांचं?"

एकदा मी त्यांच्या पानातली आमटी बोटाने चाखली. अळणी होती. तीच आमटी टोपात चांगली खारट होती, मी स्वतः मीठ घातलेलं. घरी येऊन ह्यांना सांगितलं, तर हे म्हणाले, "गार जेवणाला मीठ कमीच लागतं." असेल तसंही.

पण ह्या हसण्यासारख्या गोष्टीत आत्याबाई सुकत चालल्या होत्या. दरवेळी भेटल्या की बांगड्या आणखी कोपराकडे सरकलेल्या. म्हशाच्या जत्रेत बैल बघता बघता त्या खाली बसल्या त्या उठेनाच. मुरबाडच्या डॉक्टरांनी डोळ्यांची खालची पापणी ओढून बघितली, रक्त तपासलं आणि म्हणाले, अंगात काही उरलेलं नाही. अंडी द्या, मटण-चिकन द्या, डाळी द्या, नाहीतर पुढची जत्रा बघणार नाहीत. आत्याबाई बाहेर येऊन माझ्या कानात म्हणाल्या, "दुबळी व्हईन नाय तर काय? सगळं सत्त्व ते खातात, मी चोथा खाते." त्यांना रोग ठाऊक होता. औषधही ठाऊक होतं. पण नवऱ्याच्या आधी घास उचलायचा, हे त्यांच्या हाताला जमत नव्हतं.

आम्ही त्यांना सापगावला आमच्या घरी आणलं. पहिले काही दिवस त्या निवांत होत्या. "त्यांना इथली वाट ठाऊक नाय," म्हणायच्या. "मुरबाडच्या पुढं ते कवा आलेच नाय." मी मुद्दाम पहिलं ताट त्यांना द्यायची. मग एका दुपारी त्यांनी भाकरीचा तुकडा डाळीत बुडवून तोंडात टाकला, थांबल्या आणि दाराकडे बघून हसल्या. "पोचले. एसटीनं आले असतील. तिकिटाचं काम नाय." दुसऱ्या दिवसापासून पाट मांडला गेला. आमचा कुत्रा, जो पोस्टमनलाही अंगणात येऊ देत नाही, तो जेवणाच्या वेळेला उंबऱ्यावरून उठून बाजूला बसायला लागला. मी ते कुणाला बोलले नाही.

तेवढ्यात आमच्या घरात ते पाकीट आलं. माझी मुलगी प्राची कल्याणला मॉलमध्ये कामाला आहे, थंड मालाच्या विभागात. तिने वर्तमानपत्रात गुंडाळून बार्बेक्यू चिकन विंग्ज आणले. दगडासारखे घट्ट, त्यावर लाल-काळा रस गोठलेला. आत्याबाईंनी एक पंख हातात घेऊन कानाशी नेला, मग नाकाशी. बराच वेळ हुंगलं आणि डोळे मोठे करून म्हणाल्या, "ह्याला वासच नाय!"

"फ्रोझन आहे आजी, वास कसा येणार?" प्राची म्हणाली.

"म्हणजे ह्याला अजून कुणी हात लावला नाय. सत्त्व सगळं आत कोंडलेलं हाय."

प्राचीला ते पटलंच. तिने पाकिटाच्या मागचं वाचायला घेतलं. "बघ, प्रोटीन भरपूर आहे. फॅटपण आहे, पंखाला कातडी जास्त ना. मीठ मात्र बरंच आहे. सॉसमध्ये साखर आहे."

"नि ताकद?"

"ताकद असं नसतं लिहिलेलं, आजी."

"मंग शिकल्याल्या लोकानी लिवलंय काय?" मग त्यांनी स्वतःच हिशेब लावला. कोंबडी उडते का? उडत नाही. म्हणजे पंख कोंबडीने वापरलेलेच नसतात, ताकद जशीच्या तशी राहते. पाय चालून झिजतात, पंख कशाने झिजणार? प्राचीला हसू आवरेना. मी मात्र बघत होते की आत्याबाई त्या उघड्या पाकिटाकडे वेगळ्याच नजरेने बघतायत. आमच्याकडे कोंबडं कापलं की तंगड्या पुरुषांना जातात, छाती पाहुण्यांना, आणि मान, पाय, पंख चुलीपाशी राहतात. आत्याबाईंनी आत बोट घालून पंख खालीवर केले आणि हळूच म्हणाल्या, "ह्यात सगळा बायांचाच वाटा भरलाय गो."

त्या दिवसापासून त्यांचं चोरून जेवण सुरू झालं. पंख तव्यावर टाकायच्या आधी त्या खिडक्या लावायच्या. दाराच्या फटीत ओलं फडकं कोंबायच्या, देवाकडची उदबत्ती आणून दारापाशी लावायच्या, म्हणजे मामांना वासाचा माग लागू नये. मग तव्याशेजारीच उकिडव्या बसून, पोळत्या बोटांनी, तोंडाला रस माखून, दाराकडे बघत पंख खायच्या. हाड चोखून पुरचुंडीत बांधायच्या. कोंदलेल्या खोलीत धूर, उदबत्ती आणि त्यांचं ते पटापट चावणं. मला वाटायचं, बाहेर कुणीतरी खरंच उभं आहे आणि आम्ही दोघी त्याला फसवतोय. आमच्याबरोबर आत कोंडलेला कुत्रा बंद दाराकडे तोंड करून बसायचा आणि शेपटी हलवायचा. घरातली माणसं सगळी आत असायची. तो कुणाला बघून शेपटी हलवायचा ते मला कळायचं नाही.

पण आत्याबाई सुधारल्या, हेही खरं. मी पंखांबरोबर अंडं द्यायची, नाचणीची भाकरी द्यायची, तेही त्या त्याच घाईत आणि त्याच बंद खोलीत खाऊन टाकायच्या. बांगड्या परत मनगटाशी आल्या. चालताना भिंत धरणं सुटलं. आम्ही शहापूरच्या डॉक्टरांना दाखवायला नेलं, तर रक्त वाढलेलं, पण प्रेशरही वाढलेलं आणि पायांवर सूज. काय खाता, विचारल्यावर आत्याबाईंनी मोठ्या अभिमानाने पाकिटाचं नाव सांगितलं. डॉक्टर माझ्यावर डाफरले. "त्यात मीठ किती असतं माहीत आहे का? घरचं साधं चिकन द्या. ते कधीतरी गंमत म्हणून ठीक." आत्याबाईच म्हणाल्या, "तिला काय बोलता? मीठ काढायला माणूस हाय माझ्याकडं, मीच त्याला आत घेत नाय." डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला बोलावलं.

घरी येताना रिक्षात त्यांनी सुजलेला पाय चेपून बघितला. मग म्हणाल्या, "खारट लागतं सगळं. रोज खारट. अंगात जीव आला, पण घर रिकामं झालं गो." तेव्हा मला कळलं की मी ह्या बाईचा जीव वाचवता वाचवता तिचं माणूस तोडलंय. आणि परत जोडायला जावं, तर ही पुन्हा चोथा खाऊन सुकणार.

वैशाखात गावची डीपी जळाली. लाइट गेली ती गेलीच. फ्रिजमधलं बर्फ सुटलं आणि लाल पाण्याचा ओघळ फ्रिजच्या खालून निघून, मोरीकडे उतार असताना, दाराच्या दिशेने गेला. ह्यांनी सांगितलं, फरशी उंचसखल आहे. आत्याबाईंनी ओघळाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "आता काय लपवायचं? त्यांना कळलं."

पंख नुकतेच सुटले होते, अजून गार होते. टाकून द्यायच्या आधी मी सगळे एकदम तव्यावर घेतले. आत्याबाईंनी स्वतःच्या हाताने खिडक्या उघडल्या, फडकं काढलं, दार सताड उघडलं. वास घरभर झाला, आळीभर झाला. दिवेलागणीची वेळ होती, पण दिवे नव्हते. एक समई तेवढी लावलेली. त्यांनी पाट मांडला, ताटात पंख रचले आणि दाराकडे बघून इतक्या मऊ आवाजात बोलल्या की मला तिथून उठून जावंसं वाटलं.

"या. मी चोरून खात होते. आयुष्यभर तुमी तंगड्या खाल्ल्यात, पंख कवा चाखलेत? माझा वाटा काय असतो, तो खाऊन बघा."

उंबऱ्यावरचा कुत्रा उठला, एखाद्याला वाट द्यावी तसा बाजूला झाला आणि परत बसला. समईची ज्योत वाकडी झाली. वारा होता का, मला आठवत नाही.

आत्याबाई सवयीप्रमाणे हात मांडीवर ठेवून बसल्या, वाफ विरायची वाट बघत. आणि कधी नव्हे ते माझ्या तोंडातून शब्द निघाला. "आत्याबाई, त्यांच्या मागून नका जेवू. बरोबर जेवा."

"बरोबर?"

"वास त्यांना, घास तुम्हाला. एकाच ताटात. त्यांना काय कमी पडणारे?"

त्यांनी एकदा दाराकडे बघितलं. मग जुन्या सवयीने डोक्यावरचा पदर नीट केला आणि वाफ येत असतानाच ताटातला एक पंख उचलला. नव्या नवरीने सगळ्यांदेखत पहिला घास घ्यावा, तशा लाजल्या. एक तुकडा माझ्या हातावर ठेवला. "मीठ बघ." मी बघितलं. मीठ कमी होतं की भीतीने मला चवच लागत नव्हती, ते सांगता येत नाही. त्या मात्र खुशीत म्हणाल्या, "सांग तुझ्या डॉक्टरला. मीठ मामानी खाल्लं. आता मला चालंल."

त्यानंतर त्या तशाच जेवू लागल्या, मामांच्या बरोबर, गरम गरम. पंख सणासुदीला, एरवी घरचं चिकन, अंडी, डाळ. पायांची सूज उतरली. डॉक्टर म्हणाले होते ती पुढची जत्रा त्यांनी बघितली, त्याच्या पुढचीही बघितली. शेवटी गेल्या त्या म्हाताऱ्या होऊन, झोपेत, अशक्तपणाने नाही. पाट मात्र त्या दिवशी सकाळीच मांडलेला होता. तो कुणी मांडला, हे आमच्या घरात अजून ठरलेलं नाही.

प्राची अजूनही पाकीट आणते. दुपारी घरात कुणी नसलं की कधीतरी मी दोन-चार पंख तव्यावर टाकते आणि मुरबाडच्या बाजूची खिडकी उघडते. दोन ताटल्या घेते, एक माझी आणि एक समोर. थांबत नाही, लगेच जेवायला सुरुवात करते. माझ्या ताटलीतला पंख खारट असतो, जीभ चुरचुरते इतका. मग समोरच्या ताटलीतला उचलते. गार जेवणाला मीठ कमी लागतं, असं हे म्हणतात. पण त्याची वाफ अजून येत असते, बोटांना चटका बसतो, आणि तरी तो अगदी अळणी लागतो. कुत्रा उंबऱ्यावरून उठून बाजूला बसलेला असतो. मग मी उरलेलं सावकाश संपवते, आणि वरून मीठ घेत नाही.