आबादानचे बावर्ची

महेबूबचाचांना मी पहिल्यांदा पाहिलं ते तेलगिरणीच्या आवारात, रॉकेलच्या डब्यात पाव भाजताना. डब्याखाली निखारे, झाकणावर निखारे, आणि चाचा कान टवकारून बसलेले. म्हणाले, "पाव झाला की सोता बोलतो, बाबू." अकरा वर्षं ते इराणात, आबादानला, तेलकंपनीच्या गोऱ्या साहेबांचे बावर्ची होते. आपल्या गावी परंड्याला परतले तर घरात कुणी उरलं नव्हतं, म्हणून उस्मानाबादला आमच्या गिरणीत राखणदार झाले. मी तिथला नवा कारकून. वर्षभर त्यांचा पाव मी हक्कानं हाणला.

त्या साली शेठजींनी जर्मनीहून यंत्र मागवलं. ते बसवायला तिकडचाच फिटर आला आणि त्याची बडदास्त माझ्या गळ्यात पडली. गावाला पाहुणचाराचा भारी सोस. रोज नव्या घरी जेवण. आपल्याकडं ताट रिकामं दिसलं की वाढायचं, आणि त्याच्या मुलखात पानात टाकणं म्हणजे यजमानाचा अपमान. तो संपवी, आम्ही वाढू. पाचव्या दिवशी साहेब आडवा झाला. मला परत बोलवा, अशी त्याच्या कंपनीच्या मुंबईच्या कचेरीला करायची तारच त्यानं लिहून माझ्या हाती दिली.

शेंगांचा हंगाम तोंडावर आणि यंत्र अर्धंच जोडलेलं. शेठजींनी मला स्वच्छ सांगितलं, "साहेब गेला तर तुमीबी येडशी टेसनाहून त्याच गाडीनं जावा." माझ्या पगारावर आई आणि मी जगत होतो. तार तशीच खिशात घालून मी चाचांकडं धावलो.

चाचा पोट धरून हसले. "त्याला जेवू घातलं का सजा दिली, बाबू? परमुलखात माणूस आधी जिभेनं रडतो, डोळ्यानं मागनं."

त्यांनी बटाटे उकडून घोटले, त्यात दूध, कांदा, मिरपूड घातली आणि पावाचे काप शेकले. साहेबानं वाडगा संपवला, तेव्हा चाचांनी मुद्दाम वाढलं नाही. मग खाटेशी बसून आबादानच्या इंग्रजीत त्याला धडा दिला: पोट भरलं की ताटावर दोन्ही हात आडवे धरायचे आणि म्हणायचं, "बास, लई झालं." चार दिवसांनी शेठजींच्या घरी साहेबानं तसं केलं, तेव्हा आतल्या बायकाही हसल्या. तार मी चाचांच्या चुलीत घातली.

यंत्र वेळेवर चाललं. निघताना साहेबानं चाचांना कंपनीच्या मुंबईच्या बंगल्यावर चौपट पगाराची नोकरी देऊ केली. चाचांनी हात जोडले. मी चिडलो, तर म्हणाले, "किती साल दुसऱ्याच्या घरची चव रांधू? आई गेल्याची तार आली, त्या दिशीबी म्या आबादानला साहेबाच्या पोराचा केक भाजत हुतो."

मला फार लाज वाटली. माझी नोकरी ज्यांच्या हातानं वाचली, त्यांना मी माझ्या घरी एकदाही जेवायला बोलावलं नव्हतं. जात-धर्म आडवा आला होता, दुसरं काय? त्याच रविवारी मी त्यांना घेऊन गेलो. आईनं आधी का-कू केलं, मग पाट मांडला आणि स्वतः वाढायला बसली. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, वर कच्चं तेल. चाचांनी भाकरीच्या तुकड्यानं ताट पुसून घेतलं. मग म्हणाले, "भाबी, मला बसवून वाढणारं कुणी ऱ्हायलंच न्हवतं."

आई उठून आत गेली. पण पुढच्या रविवारी भाकरी थापता थापता तिनंच मला विचारलं, "चाचा अजून कसे आले न्हाईत?"