चरात आडवी झालेली सीतानमावशी

सीतान कोनेला घाबरत नाही असा एक माणूस आमच्या गल्लीत दाखवा मला! सेगू शहरातली आमची मशीद ती केवढीशी, चार रांगा झाल्या की पाचवी रस्त्यावर. पण तिथं नमाजाआधी हातपाय धुवायच्या, वजूच्या किटल्या भरायला तीस वर्षं ही सीतानमावशीच. किटली कुठंही टाकून गेलात तर इमामांनाही सोडायची नाही. गल्लीतली बाई वारली की तिला शेवटची आंघोळ घालायलाही तीच. आणि मशिदीमागच्या ज्या गवती छपरीत आम्ही बायका नमाज पढतो, तीही तिनंच चौघींना हाताशी धरून उभी केलेली.

मग कमिटीचा अध्यक्ष झाला हाजी ब्रेहिमा त्राओरे. वीस वर्षं परदेशात काढून आलेला. त्यानं ठरवलं, छपरी पाडायची आणि तिथं दुकानांचे गाळे काढायचे. बायकांनी काय, घरी नमाज पढावी! आम्हाला कुणी हिंग लावूनही विचारलं नाही. माझा नवरा कमिटीत, तोही मान डोलावून आला. त्या दिवशी मी त्याला नुसता भात वाढला. शेंगदाण्याचं कालवण मांजरीला घातलं.

गवंड्यांनी पायाचा चर खणला. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरची असरची नमाज संपली आणि बघतो तर काय, मावशी चरात आडवी, डोक्याखाली किटली.

"मावशी, उठा," हाजी अगदी अदबीनं म्हणाला. "शोभतं का हे?"

"मावशी कुणाची रे? मी कोने, तू त्राओरे. मेला चवळीखाऊ!"

कोने आणि त्राओरे या दोन कुळांची म्हणजे आमच्याकडची थट्टेची भावकी. एकमेकांना वाट्टेल ते बोलायचं, रागवायचं नाही; 'चवळीखाऊ' ही त्यातली ठेवणीतली शिवी. आणि एकानं छेडलं, दुसऱ्यानं उलट टोला हाणला, की नातं मान्य केलं. मग पहिल्यानं मागितलेलं नाकारता येत नाही. हाजीला हे पक्कं ठाऊक. म्हणून तर आल्यापासून 'हा सगळा अडाणीपणा' म्हणत तोंड शिवून बसला होता.

"मावशी, कमिटीचा ठराव झालाय."

"ठराव शिजव चवळीबरोबर आणि खा! ए गवंड्या, ढकल माती. फक्त एवढं सांगा, मला आंघोळ कोण घालणार? हा हाजी?"

बायका खो खो हसल्या. पुरुष जमिनीकडे बघत राहिले, माझा तर फारच मन लावून. हाजीच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. मला वाटलं, गेली आपली छपरी. इतका संताप आला की हातातली चप्पल मी घट्ट धरून ठेवली.

मावशी उठून बसली. आवाज एकदम खाली आला.

"ब्रेहिमा, त्या तिसऱ्या खांबाशी तुझी आई बसायची. ती गेली तेव्हा तू नव्हतास, तिला मीच धुतलं. तीनदा साबण लावला रे! पण जन्मभर त्राओरेंची चूल फुंकलेली बाई, हाताचा चवळीचा वास काही जाईना."

हाजीचे डोळे भरले आणि त्याच दमात त्याला हसू फुटलं.

"ऊठ गं चवळीखाऊ," तो बोलून गेला, "तुझ्या पोटातल्या वाऱ्यानं मशीद पडेल आमची!"

बोलला आणि जीभ चावली. पण सुटला तो शब्द सुटला.

"ऐकलंत ना सगळ्यांनी?" मावशीनं हात पुढं केला. "मागते मग. छपरी दे."

नाही म्हणायची काय बिशाद! चर त्याच संध्याकाळी बुजला. माझ्या नवऱ्यानं फावडं मारलं, म्हणून त्याला कालवण मिळालं.

शुक्रवारी, जुम्म्याला हाजीनं आपल्या बायकोला आणून तिसऱ्या खांबाशी बसवलं. मग किटल्यांपाशी आला.

"ए चवळीखाऊ, पाणी दे."

"रांगेत उभा राहा, त्राओरे," मावशी म्हणाली.