तिची माणसं

लंडनमधल्या हाउन्सलोतल्या आमच्या शेजारणीचं नाव मी इथे लिहिणार नाही, तिच्या देशाचंही नाही. माझी भीती अजून गेलेली नाही. ती तिथल्या सरकारविरोधी पक्षाची, देश सोडावा लागलेली. त्यांचे पुढारी लंडनच्या सभांतून छाती ठोकून सांगायचे, की देशात गावोगावी आमचं काम छुपेपणाने चालू आहे. मी एकदा तिला विचारलं, "खरंच?"

ती कप विसळता विसळता हसली. "तिकडे आमचं कुणीसुद्धा नाही. होते ते तुरुंगात गेले, नाहीतर इथे आले. पण हे खरं सांगितलं तर सभेला कोण येईल?"

तिकडे तिची उरली होती फक्त धाकटी बहीण, शाळेत शिकवणारी. रोज संध्याकाळी दोघी फोनवर बोलायच्या. आमची मधली भिंत इतकी पातळ, की त्यांचं खिदळणं आम्हाला ऐकू यायचं.

त्या उन्हाळ्यात माझी आई पुण्याहून राहायला आली. आईला बोलायला कुणी नसलं की अन्न गोड लागत नाही. तिचं आणि शेजारणीचं, दोघींचं इंग्रजी मोडकंतोडकं, तरी गट्टी जमली. "बिचारीची माहेरची माणसं सगळी तिकडे," आई हळहळायची आणि भिंतीपलीकडे थालीपीठं पोचवायची.

एका दुपारी आई पार्कमधून खुशीत परतली. "आज बाकावर एक गृहस्थ भेटले. आपल्या शेजारणीच्याच देशाचे. काय अदबीने बोलतात! हिची चौकशी करत होते."

मी तिच्याकडे वळले. "काय विचारलं?"

"तिकडे तिचं अजून कुणी आहे का. मी म्हटलं, यस, यस! हर पीपल आर देअर. डेली फोन."

"पीपल म्हणालीस?"

"मग? माणसं म्हणजे पीपलच ना?"

पीपलच. पण आपली माणसं म्हणजे बहीण, भाचरं, काका, मामा. त्या गृहस्थाने पुढाऱ्यांची भाषणं ऐकली असतील, तर त्याच्या लेखी 'तिची माणसं' म्हणजे पक्षाचे छुपे कार्यकर्ते. मी आईवर ओरडले. तिचा चेहरा उतरला, तरी मला थांबता येईना. तो माणूस तिथल्या सरकारचा हेर नसेलही, साधा, घरच्या आठवणीने बोलका झालेला असेल. ते आम्हाला कधीच कळलं नाही.

शेजारणीला सांगणं भाग होतं. तिने चिडावं असं मला वाटत होतं, म्हणजे निदान सुटल्यासारखं झालं असतं. ती खुर्चीत बसली आणि हळूच म्हणाली, "बहिणीने आयुष्यात साधं पत्रक वाटलेलं नाही. फुशारक्या आमच्या पुढाऱ्यांनी मारल्या. कुणाला तरी धरायचं झालं, तर तिलाच धरतील."

त्या संध्याकाळी बहिणीने फोन उचलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. भिंतीपलीकडून आता नुसती रिंग ऐकू यायची, वाजून वाजून बंद पडणारी. समोर अनोळखी गाडी उभी राहिली तरी मी पडदा ओढून घ्यायचे. आईने पार्क सोडला. देवापुढे बसली की मला ऐकू जाणार नाही इतक्या बारीक आवाजात काहीतरी पुटपुटत राहायची.

आठवडा गेला असेल. आम्ही दोघी शेजारणीकडेच होतो, तेव्हा फोन उचलला गेला. शेजारणीने बहिणीला लाडाच्या नावाने हाक मारली. पलीकडून एका बाईने सपाट आवाजात दोन वाक्यं म्हटली आणि फोन ठेवला.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"'तुमचा नंबर चुकलाय. मला बहीण नाही.'" शेजारणीने तोंडावर हात दाबला. "तिचाच आवाज. घरी आहे ती, जिवंत आहे. शेजारी कुणीतरी बसलेलं असणार." ती हसली, मग हुंदके देऊन रडली. तिने पुन्हा कधी फोन लावला नाही.

आईच्या परतीच्या आदल्या दिवशी, जाण्याआधी एकदा तरी मोकळी हवा घे म्हणून, मी तिला ओढून पार्कमध्ये नेलं. बाकावर तोच गृहस्थ होता. उठून उभा राहिला, आईला वाकून नमस्कार केला आणि विचारलं, मैत्रीण कशी आहे, तिची माणसं बरी आहेत ना.

आईने माझं मनगट घट्ट धरलं.

"नो पीपल," ती म्हणाली. "शी हॅज नो पीपल."

खोटं बोलायची तिला गरजच उरली नव्हती.